डब्यावरचा राखणदार

या लाकडी मूर्तीची ही चकाकी पॉलिशची नाही, पाम तेलाची आहे. वर्षानुवर्षं चोळून चोळून तेल लाकडात इतकं मुरलंय, की अशा काही मूर्तींना संग्रहालयात काचेआडही तेल सुटतं.

मूर्ती फांग लोकांची. मध्य आफ्रिकेतले गॅबन, इक्वेटोरियल गिनी आणि दक्षिण कॅमेरून हा त्यांचा जंगलमुलूख. जमिनीचा कस गेला की गाव हलवायचं, अशी त्यांची रीत होती. मग पितरांना मागे कसं टाकणार? घराण्यातल्या कर्त्यासवरत्या माणसांच्या कवट्या, हाडं झाडाच्या सालीच्या गोल डब्यात जपायची आणि डबा बरोबर न्यायचा. या पितरपूजेचं नाव ब्येरी. डब्यावर बसवलेली ही मूर्ती म्हणजे राखणदार. बुडामागे हा दांडा दिसतोय? तो डब्यात रोवण्यासाठी.

आता ठेवण पाहा. डोकं मोठं, कपाळ फुगीर, बेंबी वर आलेली, पाय आखूड. बांधा तान्ह्या बाळाचा, पण दंड-पोटऱ्या पिळदार आणि चेहरा पोक्त. नुकतं जन्मलेलं मूल पितरांच्या सगळ्यात जवळचं, असं फांग मानत.

बायकांना आणि दीक्षा न घेतलेल्यांना हा डबा बघायलाही बंदी. दीक्षेच्या वेळी पोरांना आलान नावाची वनस्पती खायला देत. भान हरपलं की कवट्या बाहेर निघत आणि वंशावळ म्हटली जाई. मूर्तीही डब्यावरून उतरवून पडद्याआडून बाहुल्यांसारख्या नाचवत.

पुढे फ्रेंच राजवट आणि मिशनरी, दोघांनीही ब्येरी मोडून काढली. मूर्ती पॅरिसच्या बाजारात पोचल्या. 'ग्रेट ब्येरी' म्हणून गाजलेलं एक मस्तक पॉल गिलोम या व्यापाऱ्याकडे होतं, नंतर ते शिल्पकार जेकब एपस्टाइन यांच्याकडे आलं आणि आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. संग्राहकांना हवं होतं शिल्प. डबा आणि हाडं कोणाला हवी होती? खरं तर पूज्य होतं ते डब्यातलं. आपण मात्र पहारेकऱ्यालाच देव समजून बघत राहतो.

पितरांची भेट मात्र फांग लोकांनी सोडली नाही. गॅबनमध्ये त्यांच्यातले अनेक जण ब्विती पंथात गेले. तिथे इबोगा या झुडपाच्या मुळाची साल खातात, रात्रभर हार्पसारखी वीणा वाजते, येशूचं नावही घेतलं जातं आणि दीक्षा घेणारा आपल्या मेलेल्या माणसांना भेटायला निघतो.