चकेरीच्या भंगारातून उठलेले लिबरेटर

हे चार इंजिनांचे, दुहेरी शेपटीचे बी-२४ लिबरेटर विमान ऑगस्ट १९४४ मध्ये अमेरिकेतील फोर्ट वर्थच्या कारखान्यात तयार झाले आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश हवाई दलाकडे गेले. या जातीची १८ हजारांहून अधिक विमाने अमेरिकेने बांधली. त्यांतील या विमानाची युद्धातली कामगिरी अल्पकाळाची ठरली. त्याचे खरे आयुष्य युद्ध संपल्यावर, भारतात सुरू झाले.

युद्धसाहित्य उसने देण्याच्या ‘लेंड-लीज’ करारानुसार अशी विमाने अमेरिकेला परत तरी करायची होती, नाहीतर निकामी तरी. म्हणून कानपूरच्या चकेरी तळावर ती ओळीने उभी करून त्यांच्या अंगावर ट्रक घालण्यात आले, उपकरणे फोडण्यात आली आणि इंजिनांत वाळू ओतण्यात आली. परत करण्यापेक्षा मोडणे स्वस्त पडत होते, एवढाच त्यामागचा हिशेब होता.

या मोडतोडीतून बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी वायुसेनेसाठी बॉम्बफेकी विमाने उभी केली. आधी प्रत्येक सांगाडा तपासायचा, त्यातल्या त्यात धड असलेला निवडायचा, एकाचे सुटे भाग काढून दुसऱ्याला बसवायचे, आणि विमान जेमतेम उडण्याजोगे झाले की ते बंगळुरूला न्यायचे, असा क्रम होता. हे नेण्याचे काम कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केले. पूर्ण दुरुस्ती व्हायची ती बंगळुरूला पोहोचल्यावर. म्हणजे कानपूर ते बंगळुरू हा सारा पल्ला त्यांनी अर्ध्यामुर्ध्या दुरुस्त विमानांतूनच पार केला. अशी सुमारे चाळीस विमाने कारखान्यात नव्याने सिद्ध झाली. मुन्शींचे नाव निदान नोंदले तरी गेले. रिव्हेट ठोकणाऱ्या आणि वाळूने भरलेली इंजिने उघडणाऱ्या हातांपैकी किती जणांची नावे आज कोणाला सांगता येतील?

नोव्हेंबर १९४८ मध्ये या विमानांवर भारतीय वायुसेनेची पाचवी स्क्वाड्रन (तुकडी) उभी राहिली. पुढे पुण्यात सहाव्या स्क्वाड्रनकडे आलेली लिबरेटर समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली गेली.

१९६८ मध्ये लिबरेटर निवृत्त झाली. सुरुवातीला सांगितलेले विमान त्यानंतर बंगळुरूला पडून राहिले, १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने ते नेले, १९८४ मध्ये जुनी विमाने जतन करणाऱ्या अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनने विकत घेतले आणि १९८९ मध्ये ते पुन्हा आकाशात झेपावले.