ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा

(पडदा काळा. जुन्या रेडिओची खरखर.)

मे १९२६. ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप. रेल्वे थांबलीय, गोद्या ओस पडल्यात. छापखान्यांतले कामगारही संपात उतरलेत, त्यामुळे बहुतेक वर्तमानपत्रं निघत नाहीत. बातमी कळायची तर घरातला रेडिओ लावायचा. आणि रेडिओ म्हणजे बीबीसी, वय वर्षं जेमतेम साडेतीन.

मंत्रिमंडळात विन्स्टन चर्चिल म्हणतात, ताब्यात घ्या. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ म्हणतात, नको. सरकार शेवटी हात लावत नाही. पंतप्रधान बाल्डविन देशाशी बोलतात, तेही रीथ यांच्या घरून. विरोधी पक्षनेते रॅम्से मॅकडोनाल्ड वेळ मागतात, त्यांना ती मिळत नाही. कँटरबरीचे आर्चबिशप समेटाचं आवाहन करू बघतात, तेसुद्धा आधी अडवलं जातं.

गंमत अशी, की बातमीपत्रांत संपकऱ्यांची निवेदनंही वाचली जात होती. म्हणजे बातमी खोटी नव्हती. माइक कुणापुढे ठेवायचा, एवढंच ठरलेलं होतं. त्याच दिवसांत रीथ यांनी डायरीत लिहिलं, की आम्ही खरोखरीचे निःपक्षपाती राहणार नाही, याबद्दल सरकारला आमचा भरवसा आहे.

(आजची न्यूजरूम. पडद्यांच्या रांगा. आवाज नाही.)

जनतेच्या पैशावर चालणाऱ्या कुठल्याही प्रसारकाला पक्षपाताबद्दल विचारा. एक उत्तर हमखास येतं: उजवे आम्हाला डावे म्हणतात, डावे आम्हाला सरकारी म्हणतात, म्हणजे आम्ही बरोबर मधे आहोत.

हे उत्तर ऐकायला चोख वाटतं, पण ते तपासलं गेलंय. १९८२ मध्ये लेबनॉनच्या बैरुतमध्ये इस्रायलच्या साथीदार मिलिशियानं पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत हत्याकांड केलं. अमेरिकन वाहिन्यांनी त्याच्या ज्या बातम्या दाखवल्या, त्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या. काही विद्यार्थी इस्रायलच्या बाजूचे, काही अरबांच्या. चित्रफीत तीच, निवेदकही तेच. इस्रायलवाल्यांना ती इस्रायलविरोधी वाटली, अरबवाल्यांना इस्रायलधार्जिणी. आणि दोघांनाही खात्री, की तिऱ्हाइतानं हे पाहिलं तर तो आपल्याच विरोधात जाईल. १९८५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

तर, दोन्हीकडून शिव्या पडतात यावरून काहीच सिद्ध होत नाही. कलती बातमी असली तरी पडतील, सरळ असली तरी पडतील. पण प्रसारक या अभ्यासाची ढाल करतात, तेही खपवून घेऊ नये. प्रेक्षकाच्या डोळ्यांत रंग आहे, एवढ्यानं पडदा पांढरा ठरत नाही.

मग बघायचं कुठे? आधी शब्दांत. त्याच १९८२ सालात फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिनात युद्ध पेटलं. बीबीसीचे निवेदक ‘ब्रिटिश फौजा’ म्हणत. ‘आपल्या फौजा’ का म्हणत नाही, म्हणून सत्ताधारी खासदार खवळले, देशद्रोहापर्यंत भाषा गेली. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनीही संसदेत नाराजी बोलून दाखवली. एका सर्वनामावरून एवढं रामायण! पण मला वाटतं, तक्रार करणाऱ्यांनी नेमकी जागा पकडली होती. ‘आपल्या’ म्हटलं की निवेदक एका बाजूला जाऊन बसतो. म्हणूनच ते न म्हणणं योग्य होतं.

(रोम. दूरचित्रवाणी केंद्राचं प्रवेशद्वार, गाड्यांची ये-जा.)

दुसरी जागा म्हणजे नेमणुकीचा कागद. इटलीत यासाठी एक शब्दच आहे, ‘लोत्तित्सात्सिओने’. मूळ अर्थ, जमिनीचे प्लॉट पाडणे. राय या सार्वजनिक प्रसारकाच्या तीन वाहिन्या तीन पक्षांनी अशाच वाटून घेतल्या. पहिली ख्रिश्चन डेमोक्रॅट्सची, दुसरी समाजवाद्यांची, तिसरी कम्युनिस्टांची. यात एक विचित्र प्रामाणिकपणा होता, कुठलं बटण दाबलं की कुणाची बातमी ऐकू येणार हे घराघरांत ठाऊक असे.

जर्मनीत हे इतकं उघड नसतं. २००९ मध्ये झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीचे मुख्य संपादक निकोलाउस ब्रेंडर यांची मुदत वाढवली गेली नाही, कारण निर्णय घेणाऱ्या मंडळात पुढाऱ्यांचं वजन होतं. प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं. २०१४ मध्ये निकाल आला: सरकार आणि पक्षांशी जोडलेले सदस्य एक तृतीयांशाहून जास्त नकोत. भारतातही दूरदर्शन-आकाशवाणीला स्वायत्तता देणारा प्रसार भारतीचा कायदा संसदेनं १९९० मध्येच केला, तो लागू व्हायला मात्र १९९७ उजाडलं. मधल्या सात वर्षांत सरकारं बरीच बदलली, घाई कुणालाच नव्हती.

पोलंडमध्ये तर वेगळीच पंचाईत झाली. टीव्हीपी हा तिथला सार्वजनिक प्रसारक म्हणजे सत्ताधाऱ्यांचा भोंगा, हा आरोप तिथे अनेक वर्षं होत होता. डिसेंबर २०२३ मध्ये सत्ता पालटली. नव्या सरकारनं वरिष्ठांना हटवलं, वृत्तवाहिनीचं प्रक्षेपण बंद पडलं, रात्रीचं नेहमीचं बातमीपत्र झालंच नाही. आणि कालपर्यंत सत्तेत असलेले खासदार टीव्हीपीच्या इमारतीत ठिय्या देऊन बसले, माध्यमस्वातंत्र्य वाचवायला.

(जुनी चित्रफीत. एक दाढीवाला माणूस बोलतोय.)

आता या माणसाकडे नीट बघा. ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

हे गेरी ॲडम्स, शिन फेनचे नेते. उत्तर आयर्लंड ब्रिटनमधून काढून आयर्लंडला जोडा म्हणणारा, सशस्त्र संघटना आयआरएशी जोडला गेलेला हा पक्ष. ऑक्टोबर १९८८ मध्ये ब्रिटिश सरकारनं आदेश काढला, की शिन फेनसह अकरा संघटनांच्या लोकांचा आवाज रेडिओ-टीव्हीवर ऐकवायचा नाही. चेहरा चालेल, शब्द चालतील, आवाज चालणार नाही. मग वाहिन्यांनी नट आणून ते शब्द त्यांच्याकडून म्हणवून घेतले. लोक हसले, सरकारचं हसं झालं.

पण हसण्यात एक गोष्ट निसटली. नट बोलवा, शब्द जुळवा, वकिलाला विचारा, एवढा खटाटोप कोण करणार? शिन फेनच्या लोकांच्या मुलाखती बातम्यांत खूपच कमी झाल्या. मुलाखतींवर बंदी नव्हतीच. त्या घेतल्याच गेल्या नाहीत.

सप्टेंबर १९९४ मध्ये आदेश उठला. ॲडम्स पुन्हा स्वतःच्या आवाजात बोलू लागले. संग्रहात आज जोडलेल्या आवाजाच्या चित्रफिती सापडतात. न झालेल्या मुलाखतींचं कपाट कुठेच नाही.

(ओठ हलत राहतात. आवाज बंद.)