दगडाला दिशा आठवते

चुंबक म्हटलं की आपल्याला टाचण्या ओढणारा शाळेतला तो लाल नाल आठवतो. ओढणं हा चुंबकाचा गुण खराच, पण आज मला त्याच्या दुसऱ्या गुणाबद्दल बोलायचंय. चुंबक लक्षात ठेवतो.

लोखंडाच्या प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉनांमुळे इवलंसं चुंबकत्व असतं. शेजारशेजारचे अणू गट करून एका दिशेला तोंड करतात. साध्या खिळ्यात या गटांची तोंडं दाही दिशांना असतात, म्हणून बाहेर काही जाणवत नाही. खिळ्यावर चुंबक घासला की बरेच गट एकीकडे वळतात, आणि चुंबक बाजूला नेला तरी त्यातले काही हट्टाने तसेच राहतात. जुन्या कॅसेटची फीत, एटीएम कार्डामागची काळी पट्टी, संगणकाची हार्ड डिस्क, सगळं या हट्टावर चालतं. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की हा हट्ट पुरता मोडतो.

आता हेच उलट्या बाजूने बघा. तापलेली वस्तू थंड होताना काय होतं? आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो लाव्हा निवत गेला, तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहयुक्त चुंबकीय खनिजाच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली आणि ती तशीच गोठली. १९५०च्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांचे नमुने तपासले. चुंबकीय क्षेत्राचा जमिनीशी असलेला कोन विषुववृत्तापासूनच्या अंतराप्रमाणे बदलतो; दगडात गोठलेला कोन सांगत होता की हा लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, बराच खाली, थंड झालाय. म्हणजे रायगड, राजगड ज्या दगडावर उभे आहेत, तो दगड दक्षिण गोलार्धातून इथवर आलाय. भूखंड सरकतात ही गोष्ट तेव्हा बऱ्याच भूशास्त्रज्ञांना पटत नव्हती. शिवाय घाटातल्या कित्येक थरांत उत्तर-दक्षिण चक्क उलटी नोंदलेली आहे, कारण त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते.

गंमत अशी, की हाच काळा दगड अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेला चालला नाही. मुंबईत कुलाब्याला १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी होत होती. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या विजेच्या प्रवाहाने वाचनं बिघडणार, म्हणून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळा अलिबागला हलवली. इमारतींसाठी तपासून घेतलेला पोरबंदरी दगड वापरला आणि लोखंड टाळलं. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांची शिस्त: १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. तोवर काम झालेलं होतं.

एवढा आटापिटा कशासाठी? २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्याकडून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. कुलाब्यात माणसं दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे वाचून लिहून घेत होती. त्यांच्या वहीत आडव्या क्षेत्राची सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरण नोंदली गेली. आपल्याकडचं क्षेत्रच मुळात चाळीस हजारांच्या आत-बाहेर, तेव्हा ही घसरण केवढी मोठी ते बघा. असं वादळ आज आलं तर वीजवाहिन्या आणि उपग्रह यांचं काय होईल, हा अंदाज बांधताना अभ्यासक आजही कुलाब्याचे ते आकडे काढून बसतात.

जाता जाता, चुंबकीय कड्यांबद्दल. प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी मनगट पुढे करतंच. रक्तात लोह असतं, मग चुंबकाने रक्त जोरात वाहणार नाही का? नाही. हिमोग्लोबिनमधले लोहाचे अणू एकमेकांपासून लांब, सुटे बसलेले असतात. खिळ्यातल्यासारखे गट ते करत नाहीत. एमआरआयच्या यंत्रात दीड टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट ताकदीचं चुंबक असतं. त्यात झोपलेल्या माणसाचं रक्त एका बाजूला ओढलं जात नाही. तिथे मनगटावरचं कडं काय करणार? दिसायला छान असेल तर घाला.