एका शब्दाचं गाणं

(दृश्य : बेळगावातलं वडगाव. रात्रीचे साडेनऊ. गल्लीतल्या मागांची खटखट एकेक करून थांबत जाते.)

वडगावातल्या या स्टुडिओत दिवसा रेकॉर्डिंग होत नाही. शेजारच्या घरात साडीचे माग चालू असतात. भिंतीला कितीही अंड्यांचे ट्रे ठोकले तरी ती खटखट माइकमध्ये शिरतेच. म्हणून माग थांबले की मग गाणं, असा इथला रिवाज.

गेल्या गणपतीच्या आधीची गोष्ट. मी त्या रात्री तिथेच होतो. एका मंडळाची चार पोरं आली, ती गाणं तयार घेऊनच. मोबाइलवर लावलं. ढोल, ताशा, कोरस, मधोमध भरदार आवाज, सगळं जागच्या जागी. शब्द पोरांनी लिहिलेले, बाकीचं सगळं मशीनने केलेलं. त्यांना एकच शब्द खटकत होता, आणि तो नेमका धृपदात होता. ‘नाचत’.

चिमणीतला च वेगळा आणि चाफ्यातला वेगळा, हे आपल्या जिभेला कोणी शिकवावं लागत नाही. ‘नाचत’मधला च चाफ्यातला. मशीनने तो चिमणीचा म्हटला होता. बेळगावच्या मिरवणुकीत हे चाललं नसतं, हे त्या पोरांनाही कळत होतं.

“मास्तर, तेवढा एक शब्द तुमच्या आवाजात देता काय? आम्ही कापून बसवतो.”

मास्तर इथले जुने गायक. गेली वीसेक वर्षं मंडळांची गाणी म्हणतात. त्यांनी हेडफोन चढवला, सूर ऐकला, डोळे मिटले आणि सात-आठ वेळा म्हटलं, “नाचत.” प्रत्येक वेळी थोडं वेगळं. पोरांनी त्यातलं एक निवडलं.

“किती द्यायचं मास्तर?”

“एका शब्दाचं काय घ्यायचं रे? जावा. गणपतीचं काम हाय.”

पोरं पाया पडून गेली. मास्तर मात्र बराच वेळ माइकसमोरच उभे होते.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर बोटं टाइप करताना. मग दोन गाणी तयार झालेली दिसतात.)

हे होतं कसं, ते थोडक्यात सांगतो. सुनो, उडिओ अशी कृत्रिम बुद्धिमत्तेची (एआय) अॅप आहेत. शब्द टाका, खाली लिहा ‘ढोल-ताशा, जोशपूर्ण, पुरुषी आवाज’, आणि मिनिटभरात दोन गाणी हजर. आत कोणी गात नाही, कोणी वाजवत नाही. मशीनला असंख्य गाणी ऐकवलेली असतात. कोणत्या सुरामागे कोणता सूर येतो, ताशाची तडतड कुठे चढते, गळा कुठे भरून येतो, याचा हिशेब त्याने मनात बांधलेला असतो, आणि त्या हिशेबावर ते नवा आवाज रचतं. त्याने हिंदी भरपूर ऐकलेलं आहे, मराठी कमी. त्यामुळे तो च.

मशीनला ऐकवलेली ही गाणी आली कुठून? जून २०२४ मध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या बड्या संगीत कंपन्यांनी अमेरिकेत सुनो आणि उडिओवर दावे ठोकले. ऑगस्टमध्ये सुनोने कोर्टात उत्तर दिलं, त्यात कबुली होती. इंटरनेटवर उघड मिळणाऱ्या बऱ्या दर्जाच्या जवळपास सगळ्या गाण्यांवर, म्हणजे कोट्यवधी रेकॉर्डिंगवर, आपलं मशीन शिकलं आहे. हे कायद्यात बसतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. पुढे २०२५ च्या अखेरीस युनिव्हर्सलने उडिओशी आणि वॉर्नरने दोघांशीही समझोता केला. मोठ्यांचं मोठ्यांशी मिटत चाललं आहे.

खानापूर तालुक्यातल्या एका पखवाजवादकाला मी हे सगळं सांगितलं. तो पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावत बसला होता. ओल्या कणकेचा गोळा अंगठ्याने दाबत, मधूनच थाप मारून बघत, पुन्हा चिमूटभर काढत. त्याने मान वर न करता विचारलं,

“आमच्या सप्त्याचे व्हिडिओबी हायत की नेटवर. ते पण ऐकलं असंल काय त्यानं?”

त्याला उत्तर देणारं कोणीच नाही. मला हे फार लागलं. ज्याच्या हातातून ताल गेला, त्याला तो कुठे गेला हे विचारायची जागासुद्धा नाही.

(दृश्य : भजनी मंडळ. टाळ, पेटी, पखवाज. देवळाच्या ओट्यावर दिवा.)

आता मला जे खरं सांगायचं आहे ते.

भजनाला मशीन लागत नाही आणि लागणारही नाही. सप्त्यात रात्रभर जागणारा गाव मोबाइलवरचा अभंग ऐकायला बसणार नाही. पण त्या भजनाचे पैसे कोणाला मिळत नाहीत. नारळ मिळतो, प्रसाद मिळतो, फार तर एसटीचं भाडं. भजन म्हणणाऱ्याची चूल पेटते ती दुसऱ्याच गाण्यांवर. ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंतची प्रचारगीतं, तीही आमच्या भागात एकदा मराठीत आणि एकदा कानडीत. जत्रेच्या जाहिराती, रिक्षाच्या भोंग्यावर फिरणाऱ्या. नातवाच्या वाढदिवसाचं गाणं. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे ट्रॅक. आणि शिवजयंतीचे चित्ररथ.

बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक बघितलेल्याला सांगायला नको. रात्र रात्र चित्ररथ चालतात, जिवंत देखावे असतात, आणि देखाव्यामागे रेकॉर्ड केलेले संवाद असतात. महाराजांचा आवाज कोणी द्यायचा, जिजाऊंचा कोणी, घोड्यांच्या टापा, तलवारींची खणखण, मागे पोवाड्याची ललकारी. दरवर्षी त्या एका रात्रीसाठी किती गळ्यांना काम मिळायचं! गायक, कोरसच्या पोरी, पॅडवाला, कीबोर्डवाला, संवाद म्हणणारे नाटकातले जुने लोक. एकेकाच्या हातात फार नाही, पण घरातला किराणा सुटेल एवढं पडायचं.

हीच कामं आधी जात आहेत. मोठा गायक मैफलीला बोलावला जाईलच. खाली, गल्लीत, दोन-चार हजारांच्या कामावर जगणारा माणूस आधी रिकामा होतो. आणि तोच रविवारी देवळात फुकट गात असतो. त्याची चूल थंडावली तर तो गवंडीकाम बघेल, एमआयडीसीत पाळी धरेल, आणि सप्त्याच्या रात्री त्याला रजा मिळणार नाही. भजन असं कमी होतं. एकदम कधीच नाही.

आमच्याकडे यंत्राने काम घेण्याची ही पहिली खेप नाही, हेही खरं. वरातीतला पितळी बँड गेला, बेंजो पार्टी आली. बेंजोवर डॉल्बी आला आणि अख्खी पार्टी एका ट्रॉलीवर मावली. १९७९ मध्ये बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. पण प्रत्येक वेळी नव्या यंत्रावर हात ठेवायला माणूस लागत होता. बेंजोवाल्याचा पोरगा कीबोर्ड शिकला. या खेपेला त्याच्या पोराने काय शिकायचं, हे त्याला सांगता येत नाही.

आणि लाट केवढी आहे बघा. गाणी ऐकवणाऱ्या डीझर या फ्रेंच कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं, की त्यांच्याकडे दररोज येणाऱ्या नव्या गाण्यांतली ५० हजार पूर्णपणे मशीनची असतात. एकूण आवकीच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्तच.

(दृश्य : सुळेभावीचा रस्ता. सकाळ.)

स्टुडिओतली तरुण पोरं माझ्याशी वाद घालतात. म्हणतात, काका, माणूसही नक्कल करूनच शिकतो की! वाद खरा आहे, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच भागातलं आहे.

बेळगावजवळच्या या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ जन्मला. घर कानडी. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हा लहानगा त्या हुबेहूब गाऊन दाखवायचा. लोक थक्क व्हायचे. एका स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं आणि पुढे जगाने तेच नाव धरलं.

म्हणजे सुरुवात नकलेचीच. पण मग तो मुंबईला बी. आर. देवधरांकडे शिकला. ऐन उमेदीत क्षयाने गाठलं, एक फुप्फुस निकामी झालं, आणि देवासला अंथरुणावर पडून पाच-सहा वर्षं गाणं बंद. तिथे खिडकीतून माळव्याच्या बायाबापड्यांची गाणी कानावर पडत राहिली. पुन्हा उभे राहिले तेव्हा श्वास पूर्वीसारखा पुरत नव्हता. जाणकार सांगतात, त्या आखूड, धारदार स्वराकृती त्या तोकड्या श्वासातून आल्या. मशीन त्या स्वराकृतींची नक्कल उद्या करेलही. पण मशीनला श्वास पुरला नाही, असं कधी होत नाही. पोरांना मी एवढंच सांगतो.

(दृश्य : जुनी कॅसेट. पेन्सिलीने तिची रीळ गुंडाळणारे हात.)

या तंत्राने दिलेलं एक काम मात्र मी डोळ्यांनी बघितलं, आणि त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे.

निपाणीकडच्या एक अक्का वडिलांची कॅसेट घेऊन याच स्टुडिओत आल्या. वडील भजनी बुवा. कॅसेट ३५ वर्षांपूर्वीची, घरात भरलेली. पेटीखाली आवाज दबलेला, वर घरघर. मशीनने गळा एकीकडे काढला, पेटी एकीकडे, टाळ एकीकडे. बीटल्सचं शेवटचं गाणं २०२३ मध्ये बाहेर आलं, तेव्हा जॉन लेननचा आवाज जुन्या टेपमधून असाच वेगळा काढला होता. निपाणीच्या बुवांचा आवाज खोलीत स्वच्छ उभा राहिला. अक्कांनी पदर तोंडाला लावला.

मग म्हणाल्या, “मधे आई हाक मारती न्हवं का, दूध उतू चाललंय म्हणून? ती कुठं गेली?”

मशीनने ती हाक गोंगाट म्हणून पुसली होती. मूळ फाइल ठेवलेली होती म्हणून बरं. स्टुडिओवाल्याने दीड तास बसून आई परत आणली. अक्का दोन्ही घेऊन गेल्या, आईविना एक आणि आईसकट एक.

(दृश्य : कोर्टाची इमारत, बाहेरून.)

कायद्याचं थोडं बोलायला हवं. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची मशीनवर नक्कल करायला मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसल्यांनाही तसंच संरक्षण मिळालं. गायकाचा गळा ही त्याची मालमत्ता आहे, हे कोर्टाने मान्य केलं ही मोठी गोष्ट. पण त्यासाठी कोर्टात उभं राहावं लागतं. वडगावच्या मास्तरांनी वकील कुठला बघायचा, आणि धारवाडच्या खंडपीठापर्यंतच्या खेपा कशा परवडायच्या? डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या एका समितीने सुचवलं, की मशीनला शिकवायला गाणी वापरणाऱ्या कंपन्यांकडून सक्तीने मोबदला घ्यावा आणि कलावंतांत वाटावा. विचार चांगला आहे. मात्र वाटप नावावर होणार, आणि आमच्या लोकांची नावं कुठल्या कागदावर आहेत? गीतकार-संगीतकारांना त्यांच्या गाण्यांचं मानधन मिळवून देणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. मी विचारलेल्या दहा जणांपैकी एकानेही तिचं नाव ऐकलं नव्हतं. गाणी तोंडी ठरतात, कागद होत नाही. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे : गाण्याचं बिल करा. त्यावर शब्द कोणाचे, चाल कोणाची, गळा कोणाचा, हे लिहा आणि जपून ठेवा. मंडळांनाही सांगणं आहे. गाणं मशीनचं असेल तर फलकावर तसं लिहा, आणि निदान आरतीच्या वेळी तरी गल्लीतला गळा बोलवा.

(दृश्य : पुन्हा वडगाव. रात्र. शेवटचा माग अजून चालू आहे.)

यंदा पुन्हा पोरं आली. मंडळ वेगळं, मोबाइल तसाच. या वेळी दोन शब्द अडले होते, ‘नाचत’ आणि ‘माझा’. मास्तरांनी आधी शांतपणे दर सांगितला. एक शब्द असो, दोन असोत की पूर्ण गाणं असो, माइकसमोर उभं राहायचे पैसे तेवढेच.

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मग त्यातला एक म्हणाला, “मग मास्तर, अख्खंच म्हणा की.”

शेजारचा माग थांबला. मास्तरांनी हेडफोन चढवला.