तंबोरा जुळेपर्यंत

(अंधार. मांडवामागे एकच दिवा. तंबोऱ्याची गवसणी उतरवल्याचा आवाज.)

पहाटेचे पावणेपाच. नरक चतुर्दशी. पुण्यातल्या एका शाळेच्या पटांगणावर दिवाळी पहाट आहे. पुढे दवानं ओल्या झालेल्या खुर्च्या पुसणं चाललंय. मागे पाचवी 'ब'चा वर्ग आजच्यापुरता ग्रीन रूम झालाय. फळ्यावर सहामाही परीक्षेआधीचे अपूर्णांक तसेच आहेत.

गायिका अडीचला उठलीय. अभ्यंगस्नान झालं, खर्जाचा रियाज झाला. फराळाला मात्र हात लावलेला नाही. चकलीचं तेल घशाशी बसतं. पिशवीत थर्मास, खडीसाखर, ज्येष्ठमधाची कांडी. लांब कुठंतरी पहिली माळ कडाडते आणि तिची मान तिकडे वळते. आवाजाचं काही नाही, धूर इकडे यायला नको.

'घाबरलीस का?' असं तिला कुणीही विचारत नाही. आपल्याकडे तशी पद्धतच नाही. 'मला भीती वाटतेय' हे वाक्य गवयाच्या तोंडून सहसा निघत नाही. 'आवाज जरा बसलाय', 'हवा बदलली', 'माईकवाला कसा आहे कुणास ठाऊक', 'तंबोरा आज लागतच नाहीये' ही वाक्यं मात्र प्रत्येक ग्रीन रूममध्ये ऐकू येतात. त्यातली निम्मी अगदी खरी असतात.

(तंबोऱ्याची खुंटी. बोटं. मणी.)

तंबोरा लावतेय तिची शिष्या. वय एकोणीस. मंचावर मागे बसून तंबोरा धरायची आज पहिली वेळ.

"ताई, पंचम ठेवू?"

"नको गं. ललत म्हणू या. मध्यम लाव."

ललत हा राग. त्यात पंचम, म्हणजे 'प', नाही. मध्यम, म्हणजे 'म', मात्र दोन्ही आहेत, शुद्ध आणि तीव्र. म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून शुद्ध मध्यमावर उतरवायची. मोठं काम खुंटीवर होतं. मग घोडीच्या मागचा मणी केसभर सरकवायचा. मग घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा, तार नुसती वाजायची थांबून गुंजायला लागेपर्यंत. मुलीची बोटं गार आहेत. मणी दोनदा पुढे जातो.

गार बोटांना फक्त पहाटेची हवा कारण नाही. आपली परीक्षा होणार हे मेंदूला कळलं, की मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या दोन ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात पळतं. कातडीतलं रक्त आवरतं घेऊन मोठ्या स्नायूंकडे धाडलं जातं. लाळ आटते. श्वास पोटातून छातीत चढतो. पळून जायचं असेल तर ही तयारी उत्तम. पण इथं मांडी घालून बसायचंय आणि लांब 'आ'कार घ्यायचाय. स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळले की सूर किंचित चढा लागतो, आणि कोरड्या तोंडानं शब्द चिकटतात.

तबलजी कोपऱ्यात चहाच्या कपाभोवती दोन्ही तळवे धरून बसलेत. चहा ते पीत नाहीयेत. त्यांची काळजी वेगळी. छाती धडधडत असली की काळ पळतोय असं वाटतं आणि विलंबित, म्हणजे संथ, लय नकळत पुढे सरकते. गायिका घाईत आली तर तिला धरून ठेवायचं काम त्यांचं. ते घाईत आले तर कुणाचं, हे कुणी ठरवलेलं नाही.

(जुनी छायाचित्रं: चेलो, वाद्यवृंद, समोर कागद.)

ही धडधड सगळीकडची. चेलोवादक पाब्लो कासाल्स यांना मंचाची भीती आयुष्यभर होती. 1901 साली कॅलिफोर्नियात डोंगर उतरताना दगड कोसळला आणि त्यांचा डावा हात चेचला. त्या क्षणी पहिला विचार काय आला, ते त्यांनीच सांगून ठेवलंय: बरं झालं, आता चेलो वाजवायला नको. हात बरा झाला. नव्वदी गाठल्यावरही ते वाजवत होते.

1987 साली अमेरिकेत वाद्यवृंदांतल्या दोन हजारांहून जास्त वादकांची पाहणी झाली. शंभरातल्या 27 जणांनी बीटा ब्लॉकर गोळी घेत असल्याचं सांगितलं. ही गोळी मुळात हृदयविकार आणि रक्तदाबासाठीची. ती अ‍ॅड्रेनलिनचा हात रोखते, हृदयाची पळापळ आणि बोटांचा कंप कमी होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, दमेकऱ्यांना तर ती धोक्याची. ती का घ्यावीशी वाटते हे समजण्यासारखं आहे. तिकडे समोरच्या कागदावर एकेक स्वर लिहिलेला असतो. चुकला, तर तो नक्की कुठं चुकला हे शेजाऱ्यालाही कळतं.

इथं कागदच नाही. बंदिश पाठ आहे, पण तिच्याभोवतीचा राग आज कसा उभा राहणार हे गाणारीलाही अजून माहीत नाही. 'चूक होईल' ही भीती त्यामानानं सोपी. ललत आज आपल्याला भेटेल का, हा प्रश्न जास्त जाचतो. तो भेटावा याची ओढही त्याच धडधडीत असते. मराठीत 'धडधड' हा शब्द बरा आहे. ती भीतीची की आनंदाची, ते तो सांगत नाही.

हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 साली याच जागी बोट ठेवलं. परक्या माणसापुढे गायला लावण्याआधी काहींना 'मी घाबरलोय' असं म्हणायला सांगितलं, काहींना 'मला उत्साह वाटतोय' असं. उत्साहाचं वाक्य म्हणणाऱ्यांचं गाणं यंत्रानं जास्त सुरेल ठरवलं. छाती दोघांचीही धडधडतच होती. पाचवी 'ब'च्या वर्गात असं वाक्य मोठ्यानं म्हणायची कुणाची छाती होईल असं वाटत नाही.

"ताई, भीती वाटतेय."

मुलगी म्हणून गेली खरी.

"तंबोरा लाव."

हे उत्तर टाळाटाळीचं वाटेल. पण षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, जोडीच्या दोन तारा एकमेकींत विरघळेपर्यंत ऐकत बसलं, की कान दुसरं काही ऐकायला मोकळा राहत नाही. श्वास आपोआप लांबतो.

(मंच. माईकसमोर पाठमोरी माणसं.)

साडेपाचचा कार्यक्रम. साडेपाचला दीपप्रज्वलन. मग स्वागत, मग प्रायोजकांचा सत्कार, मग शाल-श्रीफळ, मग ज्यांचं नाव राहिलं त्यांचा सत्कार. अंगात चढलेली तयारी विंगेत उभी राहून नासते. यावर गोळी निघालेली नाही.

सहा वाजतात. सव्वासहा होतात. गायिका दारात जाऊन आभाळाकडे पाहते. पूर्व उजळलीय. ललत उजाडायच्या आतला राग.

"ललत गेला. अहिरभैरव घेऊ. पंचम कर."

मुलीचा चेहरा उतरतो. या रागात पंचम आहे, म्हणजे तार पुन्हा चढवायची. मध्यमावरून पंचम, अंतर एका स्वराचं. पण ताज्या ओढलेल्या तारेचा भरवसा नसतो, ती खाली घसरत राहते. त्यात गार वर्गातून तापलेल्या दिव्यांखाली जायचं. उष्णतेनं तार सैल पडते आणि तंबोरा उतरतो. त्याच उष्णतेनं तबल्याच्या पुडीतला, म्हणजे चामड्यातला, दमटपणा सुकतो, आणि तबला चढतो. जागचा हलत नाही तो पेटीचा सूर.

"काळी चार द्या हो दादा," मुलगी पेटीवाल्यांकडे चौथ्या काळ्या पट्टीचा सूर मागते. मघाचा कंप आवाजात नाही. वेळच नाही.

(मंच. दिवे. समोर रेशमी साड्या, मफलर, झोपाळू मुलं.)

गायिका पायरीला हात लावून तो कपाळाला लावते. बसल्यावर गुरूंचं नाव घेताना कानाच्या पाळीला बोटं लागतात. तबलजी हातोडीनं तबल्याचे दोन लाकडी गट्टे ठोकतात, ऐकतात, तिसरा राहू देतात. मागे मुलगी तंबोऱ्यावर कान टेकून बसलीय. पंचम घसरलाय. ती मणी सरकवते. जरासा. अजून जरासा.

निवेदिका माईकवर गायिकेची ओळख वाचतेय. मंचावरचं कुणीही ती ऐकत नाहीये.

टाळ्या. त्या थांबतात. पटांगणात कुठंतरी खुर्ची करकरते. चारही तारा सुरू होतात, गायिका डोळे मिटते, मागे वळून न पाहता उजव्या हातानं मुलीला खूण करते: ठीक आहे. चालू ठेव.

षड्ज.

(पडदा काळा. तंबोरा चालू राहतो.)