तास बुडवणारा विद्यार्थी

नमस्कार, श्रोतेहो.

सनातनी वळणाच्या राज्यात पुरोगामी उमेदवार राज्यभराची निवडणूक जिंकू शकतो का? अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १२ डिसेंबर २०१७ ला डेमोक्रॅटिक पक्षाचे डग जोन्स सिनेटवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून आले. १९९२ नंतर तिथे त्या पक्षाने सिनेटची एकही निवडणूक जिंकली नव्हती. मताधिक्य होतं २१,९२४. हा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

पण मला सुरुवात कोर्टापासून करायची आहे.

१५ सप्टेंबर १९६३, रविवारची सकाळ. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरातलं, सोळाव्या रस्त्यावरचं कृष्णवर्णीयांचं चर्च. तळघरात मुली प्रार्थनेसाठी आवरत होत्या. कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी ठेवलेला बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या आणि डेनिस मॅकनेअर अकराची. अकरा वर्षांची, श्रोतेहो!

चौदा वर्षं कुणावर खुनाचा खटला उभा राहिला नाही. १९७७ साली राज्याचे ॲटर्नी जनरल बिल बॅक्सली यांनी तो उभा केला. त्या कोर्टात कायद्याचा एक विद्यार्थी कॉलेजचे तास बुडवून येऊन बसायचा, एकेक साक्ष ऐकायचा. तोच डग जोन्स. आरोपी रॉबर्ट चॅम्ब्लिस दोषी ठरला. पुढच्याच वर्षी बॅक्सली गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि हरले.

उरलेले आरोपी मोकळेच होते. तास बुडवणारा तो मुलगा पुढे सरकारी वकील झाला. त्याने २००१ मध्ये टॉमस ब्लँटनला आणि २००२ मध्ये बॉबी फ्रँक चेरीला जन्मठेपेपर्यंत नेलं. गुन्ह्याला तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती.

आपल्याकडेही कोर्टाचं कामकाज खुलं असतं. कायद्याच्या मुलांना तिथे नेऊन बसवा, असं मी भेटेल त्या प्राध्यापकांना सांगत असते. गाइड वाचून वकील घडत नाही. असो.

तर २०१७. जोन्स गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने उघड बोलत होते, अलाबामात! पण मतदानोत्तर पाहणीनुसार मत देणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ९८ टक्के त्यांच्या मागे होत्या. त्या चार मुलींना कोण विसरलं नव्हतं, हे त्यांना कुणी सांगायला लागलं नसणार. समोर रिपब्लिकन पक्षाचे रॉय मूर होते. आपण किशोरवयात असताना मूर यांनी आपल्याशी गैरवर्तन केलं, असे आरोप अनेक स्त्रियांनी केले होते. मूर यांनी ते नाकारले. पण कित्येक रिपब्लिकन मतदारांचं मन उडालं. तिथे मतपत्रिकेवर आपल्या पसंतीचं नाव लिहून मत देता येतं. तशी मतं पडली बावीस हजार आठशेहून अधिक. मताधिक्य आठवतंय ना? २१,९२४. त्याच राज्याचे रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड शेल्बी यांनीही तसंच मत दिलं होतं.

म्हणजे जिंकता येतं. पण आयुष्यभराची पुण्याई लागते, आणि समोरचा उमेदवार त्याच्याच पक्षाच्या लोकांना नकोसा व्हावा लागतो. दोन्ही लागतं, एकाने भागत नाही.

२०२० मध्ये समोर अमेरिकन फुटबॉलचे माजी प्रशिक्षक, रिपब्लिकन टॉमी ट्युबरविल होते. जोन्स यांना २०१७ पेक्षा जवळजवळ अडीच लाख मतं जास्त मिळाली. तरीही ते चार लाख सत्तर हजारांहून अधिक मतांनी हरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत, ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगात, त्यांनी ‘दोषी’ असं मत दिलं होतं. नोव्हेंबरात निवडणूक आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि १९७८ साली बॅक्सलींचं काय झालं तेही.

नमस्कार.