पगार, पाव आणि लॅटिन

नमस्कार श्रोतेहो.

इंग्रजी शब्दांची मुळं ग्रीक-लॅटिनमध्ये आहेत, असं शाळेत सांगतात. मुलांना वाटतं, हे कुठलं तरी परक्या मुलखातलं प्रकरण. कोकणातल्या मुलांना तरी तसं वाटू नये. आपण रोज लॅटिनमधून आलेले शब्द बोलतो; ते पोर्तुगिजांच्या गलबतांतून या किनाऱ्यावर उतरले.

पगार घ्या. लॅटिन ‘पाकारे’ म्हणजे शांत करणं. पैशांसाठी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला शांत करायचं, तर त्याचे पैसे चुकते करावे लागतात. म्हणून या शब्दाला पैसे देण्याचा अर्थ आला. पोर्तुगीजमध्ये त्याचा ‘पगार’ झाला आणि आपण तो जसाच्या तसा घेतला. तोच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला आणि ‘पे’ झाला. पगार आणि ‘पे’ ही सख्खी भावंडं! शांततेसाठीचा इंग्रजी ‘पीस’ही त्याच घरातला.

पाव म्हणजे लॅटिन ‘पानिस’. ‘कंपनी’ या शब्दात हाच पाव लपलाय: ‘कॉम’ म्हणजे सोबत, एकत्र बसून पाव खाणारे ते सोबती. चावी आली ‘क्लाविस’वरून. बायोलॉजीच्या पुस्तकात गळ्याखालच्या हाडाला ‘क्लॅव्हिकल’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ छोटी किल्ली. आणि तुरुंग? मूळ ‘ट्रुंकुस’, म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय लाकडात अडकवायचे, आपल्याकडच्या खोड्यासारखेच. इंग्रजी ‘ट्रंक’ तिथलाच.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. पोर्तुगिजांनी 1740 मध्ये हा मुलूख सोडला, पण किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून घरात बोलतात. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. यातलं ‘लिंग’ लॅटिन ‘लिंग्वा’वरून आलं, जीभ या अर्थाचं, इंग्रजी ‘लँग्वेज’चं मूळही तेच. ही बोली टिकायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

शब्द इथून तिकडेही गेले. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा आणि कल्याण ही बंदरं येतात. संस्कृत ‘पिप्पली’ ग्रीकमध्ये ‘पेपेरी’, लॅटिनमध्ये ‘पिपेर’ आणि इंग्रजीत ‘पेपर’ झाली. म्हणून इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती: मिरीसाठीचा हा शब्द फळ्यावर लिहाल, तेव्हा शेजारी आपली पिंपळीही लिहा.